घनमीटर, मोल आणि भरपाई

मागच्या व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी आम्हाला जिन्यात गाठलं. म्हणाले, "सर, तुम्ही म्हणता काही गोष्टींना सामाईक माप नसतं. पण निर्णय तर घ्यावाच लागतो ना? मग मापाशिवाय घ्यायचा कसा?" आम्ही 'पुढच्या वेळी बोलू' म्हणून सुटका करून घेतली. जिना उतरताना तत्त्वज्ञान सांगू नये, पाय घसरतो. आज खुर्चीवर बसलो आहोत, म्हणजे आज सुटका नाही.

सुरुवात घरापासून करतो. आमचे वडील इथल्या लाकूड डेपोत सागाचे लठ्ठे मोजायच्या कामावर होते. एकाने टेप धरायची, दुसऱ्याने आकडे लिहायचे. लठ्ठ्याच्या मध्यावर गोलाई घ्यायची, तिचा चौथा भाग काढायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. गोलाई 1.20 मीटर आणि लांबी 4 मीटर असेल तर चौथा भाग 0.30, त्याचा वर्ग 0.09, गुणिले 4, म्हणजे 0.36 घनमीटर. वडिलांना हे तोंडपाठ असे. कागद लागत नसे.

आम्ही कॉलेजात गेलो, वर्तुळाचं सूत्र शिकलो आणि सुट्टीत घरी येऊन तोच हिशोब नव्याने केला. उत्तर आलं जवळजवळ 0.46 घनमीटर. आम्हाला वाटलं, मोठाच घोटाळा सापडला! वडिलांना म्हटलं, "बाबा, तुमचं माप चुकतं. सरकार दर लठ्ठ्यामागे पाचवा हिस्सा फुकट देतंय." ते हसले. म्हणाले, "ते सालीचं आणि भुशाचं सोडलेलं आहे. करवतीखाली चौकोनी माल निघतो, गोल निघत नाही. सोडलंय हे आम्हाला माहीत आहे, घेणाऱ्यालाही माहीत आहे. भाव त्यावरच ठरतो."

पुढे तत्त्वज्ञान शिकवण्यात आमची तीसेक वर्षं गेली, पण मापाविषयी इतकं नेमकं बोलणं आम्ही क्वचितच ऐकलं. माप काहीतरी सोडतं, सोडल्याशिवाय त्याला माप होता येत नाही. मोजणाऱ्याला काय सोडलं ते ठाऊक आहे तोवर बिघडत नाही. आज आम्हाला टीका करायची आहे ती हे विसरलेल्या मापावर. आणि 'आम्ही मापच मानत नाही' असं म्हणणाऱ्या मंडळींवरही करायची आहे, कारण त्यांचे हातही स्वच्छ नाहीत.

याच डेपोतला दुसरा प्रसंग. मार्च 2023 मध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या राममंदिरासाठी सागाचं लाकूड रवाना झालं. लाकडाची पूजा झाली, शोभायात्रा निघाली, सगळं गाव रस्त्यावर होतं. तुमच्यापैकी बरेच जण असाल. कालपर्यंत ज्याच्यावर खडूने नंबर टाकलेला होता, त्यालाच आज फुलं वाहिली गेली. आमच्या परिचयातले काही विवेकवादी मित्र यावर हसले. म्हणाले, लाकूड ते लाकूड, घनमीटरवर विकलं जातं, त्याला हात कसले जोडता? आम्हाला त्यांचं हसणं उथळ वाटलं. जे लाकूड देवळाचं दार होणार आहे ते 'फक्त लाकूड' आहे असं म्हणणारा माणूस फार काही पाहत नाही. लग्नातलं मंगळसूत्र हे 'फक्त सोनं' आहे असं तो आपल्या बायकोसमोर म्हणून दाखवणार नाही.

पण हात जोडणाऱ्यांनाही आमचं एक विचारणं आहे. ते शेवटाकडे येईल, तोवर ही गोष्ट मनात ठेवा.

आता शब्दाकडे वळू. ज्याला सामाईक माप नाही त्याला शाळेच्या गणितात आपण 'अपरिमेय' म्हणतो. एक एकक बाजूचा चौरस घ्या आणि त्याचा कर्ण मोजा. बाजू ज्या तुकड्याने पुरती मोजली जाते त्याच तुकड्याने कर्ण पुरता मोजता येत नाही. तुकडा कितीही बारीक करा, काहीतरी उरतं. ग्रीकांना याचा मोठा धक्का बसला. पायथागोरसच्या पंथात हे फोडणाऱ्याला समुद्रात बुडवलं, अशी दंतकथाही आहे.

आपल्याकडे वेदी बांधणाऱ्यांपुढे हाच कर्ण उभा होता, पण त्यांना विटा रचायच्या होत्या, धक्का बसवून घ्यायला वेळ नव्हता. बौधायनाच्या शुल्बसूत्रात त्यासाठी एक रीत दिलेली आहे. बाजूत तिचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्याचा चौथा भाग मिळवा आणि त्या चौथ्याचा चौतिसावा भाग वजा करा. उत्तर पाच दशांश स्थळांपर्यंत बरोबर येतं. वेदी बांधायला याहून जास्त काय हवं? पण या मापाला त्यांनी नाव काय दिलं पाहा: 'सविशेष'. विशेष म्हणजे अधिकचं, फरकाचं. आम्ही त्याचा अर्थ लावतो तो असा, की हे फरकासकट घ्यायचं माप आहे. आता, ही संख्या मुळातच अपरिमेय आहे हे बौधायनाला कळलं होतं की नाही, यावर विद्वानांत वाद आहे, आणि नावाचा अर्थ सगळे आमच्यासारखा लावतात असंही नाही. पण नाव बोलकं आहे. आमच्या वडिलांच्या हिशोबाला आम्ही सविशेषच म्हणू.

अ‍ॅरिस्टॉटलने हाच प्रश्न बाजारात नेला. घर आणि जोडा यांची अदलाबदल व्हायची तर दोन्ही कुठल्या तरी एका मापात यायला हवेत. ते काम पैसा करतो. पण पुढे तो जे म्हणतो ते अर्थशास्त्राच्या पुस्तकांत फारसं येत नाही: खरं पाहता इतक्या वेगळ्या वस्तू एका मापाच्या होणं अशक्यच आहे, गरजेपुरत्या त्या तशा होऊ शकतात, एवढंच. त्याच्या मते पैसा ही माणसांनी केलेली सोय आहे, वस्तूंमध्ये आधीपासून दडलेला गुण नव्हे.

(तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी मागे बसले आहेत म्हणून सांगतो. 1962 मध्ये थॉमस कून आणि पॉल फायराबेंड यांनी हीच कल्पना विज्ञानातल्या सिद्धान्तांना लावली. दोन सिद्धान्त आपापली मोजपट्टी घेऊन येतात, तिसरी पट्टी कुठून आणायची? तो विषय वेगळा, त्याला आज हात लावत नाही. परीक्षेत मात्र दोन्ही एकत्र करू नका.)

आता आपल्या भागातल्या सगळ्यात मोठ्या मापाकडे येऊ. जंगलाची जमीन खाणीला, रस्त्याला, धरणाला द्यायची असेल तर त्या जंगलाचं 'निव्वळ वर्तमान मूल्य' भरावं लागतं. सर्वोच्च न्यायालयात 1995 पासून चाललेल्या गोदावर्मन प्रकरणातून हे आलं. न्यायालयाने मार्च 2008 मध्ये दर ठरवून दिले: जंगलाचा प्रकार आणि दाटी पाहून हेक्टरी 4.38 लाखांपासून 10.43 लाखांपर्यंत. अभयारण्य असेल तर पाचपट, राष्ट्रीय उद्यान असेल तर दहापट. जानेवारी 2022 मध्ये हे दर सुमारे दीडपट झाले.

आधी श्रेय देऊ. याच्या आधी जंगल जवळजवळ फुकट जात होतं. फुकटपेक्षा दर बरा, यात वाद नाही. न्यायालयाचा हेतूही जंगल राखण्याचाच होता. आमची टीका हेतूवर नाही, रचनेवर आहे. एखादी कविता वाचावी तसे हे दर काय मोजून काढले ते आम्ही वाचलं. इमारती लाकूड आणि सरपण, गौण वनोपज, चारा, निसर्गपर्यटन, औषधी वगैरेंच्या शोधासाठी जंगलाचा उपयोग, पाणी-माती धरून ठेवण्यासारख्या सेवा, वाघासारखे मानाचे प्राणी, आणि हवेतला कर्ब शोषण्याची किंमत. हे आठ रकाने. सगळ्यांची बेरीज करायची आणि ती आजच्या पैशात आणायची.

दोन ठिकाणी आम्ही अडलो. पहिलं ठिकाण 'वर्तमान' हा शब्द. पुढे मिळायच्या लाभाला वटाव लावून आज त्याची किंमत कमी धरायची, ही व्यापारातली सरळ रीत आहे, हुंडीच्या काळापासूनची. समजा वटाव वर्षाला 5 टक्के. मग 40 वर्षांनी मिळणाऱ्या 100 रुपयांची आजची किंमत होते सुमारे 14 रुपये, आणि 100 वर्षांनी मिळणाऱ्या शंभराची एक रुपयाहूनही कमी. आता आपला मानवेल बांबू आठवा. तो कित्येक दशकांतून एकदा सगळा मिळून फुलतो, बी टाकतो आणि मरतो. म्हातारी माणसं बांबू फुलल्याच्या सालावरून वयं सांगायची. ज्या झाडाची एक पिढीच मुळी चार दशकांची, त्याची पुढची पिढी या हिशोबात सातव्या हिश्श्यावर येते, तिच्या पुढची पन्नासाव्या हिश्श्याच्या आसपास. वटाव लावणाऱ्याला आज आणि उद्या यांत एक ठरलेला उतार दिसतो. गावातल्या बाईला, जिचा नातू अजून जन्मायचा आहे, असा उतार दिसत नाही. दोघांपैकी कोण चूक? आम्ही म्हणतो, त्यांच्यात सामाईक पट्टीच नाही. आणि हिशोबात पट्टी एकाचीच वापरली गेली.

दुसरं ठिकाण बेरजेचं. बेरीज करायची तर सगळे रकाने एका जातीचे हवेत. चारा आणि सरपण यांची बेरीज समजू शकते, दोन्ही बाजारात जातात. पण एकदा बेरीज झाली की एका रकान्यातली घट दुसऱ्यातल्या वाढीने भरून निघते, हे आपण न बोलता मान्य करतो. पर्यटन वाढलं की चारा गेला तरी चालेल! कोणाला चालेल? चारा गुराख्याचा गेला, पर्यटन रिसॉर्टवाल्याचं वाढलं, आणि बेरजेला दोघांची नावं ठाऊक नाहीत. आमच्या वडिलांच्या हिशोबात काय सोडलं ते डेपोत उभ्या असलेल्या हमालालाही ठाऊक होतं. हेक्टरी आकड्याला हे विचारून पाहा, 'तुझ्यात साल किती आणि भुसा किती?' तो सांगू शकत नाही. तो सविशेष नाही, तो स्वतःला पूर्ण समजतो.

इथवर ऐकून काही मंडळी माना डोलावताहेत, ते आम्हाला दिसतंय. तुम्हाला वाटलं असेल, आता सर म्हणणार, 'जंगल अनमोल आहे'. तर नाही म्हणणार.

मराठीत या बाबतीत शब्दांची चंगळ आहे. किंमत, मोल, मूल्य, भाव, दर. भाव बाजारात असतो आणि देवापुढेही असतो. 'त्याला माणसाची किंमत नाही' म्हणताना आपण रुपये मोजत नसतो. पण याच भाषेत 'अनमोल'च्या शेजारी 'कवडीमोल' आणि 'मातीमोल' राहतात, आणि मधली भिंत फार पातळ आहे. ज्याला मोल लावत नाही ते दप्तरी शून्य लिहिलं जातं. माधव गाडगीळांनी कर्नाटकातली हकिकत वारंवार लिहिली आहे. 1950च्या दशकाच्या अखेरीला तिथल्या कागद कारखान्यांना जंगलातला बांबू टनाला दीड रुपया दराने देऊ केला गेला, आणि टोपल्या विणणाऱ्या बुरडाला बाजारात तोच बांबू त्याच्या हजारपट भावाने घ्यावा लागे. जंगल राष्ट्राची अनमोल संपत्ती, म्हणून गावाच्या हाती नको. आणि राष्ट्राची संपत्ती, म्हणून कारखान्याला दीड रुपयात! बल्लारपूरकरांना हे कर्नाटकाचं म्हणून दूर ढकलता येणार नाही. आपल्या गावाला कागदाच्या गिरणीने वाढवलं. गाडीतून उतरायच्या आधी वास यायचा आणि डोळे मिटूनही कळायचं, घर आलं. त्या वासावर हजारो चुली पेटल्या, आमच्या वर्गमित्रांची शिक्षणं झाली. ते खोटं नाही. आणि बुरडाचा कोयता रिकामा राहिला, तेही खोटं नाही. हे दोन्ही एका तागडीत घालून 'शेवटी फायदाच झाला' असं म्हणणारा माणूस आम्हाला अजून पटलेला नाही. तोटाच झाला म्हणणाराही नाही.

'अनमोल' म्हणणारे बहुधा असे असतात की ज्यांना त्या वस्तूवर पोट भरायचं नसतं. आमच्या पेशातली माणसं यात आघाडीवर. कांटने 1785 मध्ये सांगून ठेवलं, की काही गोष्टींना किंमत असते आणि काहींना प्रतिष्ठा. किंमत असलेल्या वस्तूच्या जागी दुसरी ठेवता येते, प्रतिष्ठा असलेल्याच्या जागी काही ठेवता येत नाही. आम्ही हे तीस वर्षं शिकवलं, फळ्यावर दोन रकाने आखून. आणि एकदा त्याच रकान्यांनी आमची फजिती केली, ती सांगतो.

आमचा एक विद्यार्थी होता, इकडच्याच एका जंगलालगतच्या गावचा. त्याची आई उन्हाळ्याच्या तोंडी पहाटे मोहफुलं वेचायला गेली आणि वाघाने नेली. या जिल्ह्यात हे नवं नाही, तुमच्या नात्यागोत्यातही झालं असेल. महिना-दीड महिन्याने तो आमच्याकडे आला. सरकारी मदतीचे कागद झाले होते. तेव्हा रक्कम आजच्याइतकी नव्हती. गेल्या काही वर्षांत ती 20 लाख झाली, मग 25 लाख झाली. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "सर, सही केलो तवा मायले इकल्यावानी वाटलं."

आम्ही काय केलं असेल? आम्ही त्याला कांट सांगितला. माणसाला किंमत नसते, प्रतिष्ठा असते, तुझं वाटणं अगदी योग्य आहे, वगैरे. चांगली पंधरा मिनिटं. त्याने ऐकून घेतलं. पोरगं सभ्य होतं. मग म्हणाला, "सर, मंग पैसे वापस करू का? बहिणीची फी भराची हाये." आम्हाला उत्तर सुचलं नाही. घरात चहा झाला होता, तो पिऊन तो गेला.

त्या दिवशी आमच्या लक्षात आलं की आम्ही त्याला अर्धंच सांगितलं होतं. आईला किंमत नाही हे त्याला आमच्याआधी कळलेलं होतं. त्याला हवं होतं ते पुढचं: किंमत नाही, आणि तरीही पैसे घ्यायचे आहेत, तर ते कोणत्या नात्याने घ्यायचे?

जोसेफ रॅझ या तत्त्वज्ञाने 1986 च्या आपल्या पुस्तकात यावर उपयोगी विचार केला आहे. त्याचं म्हणणं साधारण असं. माणसं नोकरीसाठी घरापासून महिनोन् महिने लांब राहतात. पण कोणी येऊन म्हणालं, 'महिनाभर बायकोला भेटू नको, त्याबद्दल एवढे पैसे देतो', तर आपल्याला राग येतो. लांब राहणं तेच, पैसे तितकेच, मग राग का? कारण दुसऱ्या वेळी ती संगतच विक्रीला काढली जाते. आणि नातं म्हणजे काय, तर अशी अदलाबदल आपण करत नाही हेच त्यातलं एक अंग आहे. म्हणजे सामाईक माप नसणं ही नात्यातली उणीव नव्हे, नातं त्यानेच उभं राहतं. आमच्या विद्यार्थ्याच्या सहीत खुपलं ते पैशाने खुपलं नाही, कागदावरच्या शब्दाने खुपलं. 'नुकसानभरपाई'. भरपाई म्हणजे खड्डा होता तो भरला, जमीन सपाट झाली, पुढे चला.

तो पुढे कसा वागला ते आम्हाला वर्षभराने कळलं. पैसे घेतले, बहिणीच्या नावावर ठेवले, ती नर्सिंग शिकली. घरात त्या पैशाला कोणी भरपाई म्हणत नाही. 'मायचे पैसे' म्हणतात. त्यातून मोटारसायकल घ्यायची नाही, लग्नाचा बँड लावायचा नाही, असं त्यांनी आपसांत ठरवलं. कांट न वाचता त्यांनी ज्या रीतीने ती रक्कम घरात ठेवली, त्याला आम्ही वर्गात शिकवलेल्या कोणत्याच रकान्यात जागा नव्हती.

आता जिन्यातल्या गृहस्थांचा प्रश्न. नागपूरहून निघणाऱ्या 'आजचा सुधारक'चे आम्ही जुने वाचक, त्यामुळे यामागची शंका आम्हाला परकी नाही: सामाईक माप नसेल तर निवड विवेकी कशी? मग जो मोठ्याने ओरडेल त्याचं खरं! शंका रास्त आहे. पण तिच्यात एक गृहीत लपलेलं आहे, की तुलना म्हणजे मोजणीच. आपण रोज मोजणीशिवाय तुलना करतो. म्हाताऱ्या वडिलांना शहरात आणायचं की आपण गावी परतायचं, हे ठरवताना कोणी घनमीटर काढत नाही. तरी बरा निर्णय आणि वाईट निर्णय यांत फरक असतो, आणि तो सांगता येतो. कोणाला विचारलं, काय लपवलं, काय परत आणता येईल आणि काय नाही, हे पाहिलं की.

याचं जवळचं उदाहरण धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू अडला, कारण 1927 च्या वन कायद्यात बांबू हे झाड होतं, आणि 2006 च्या कायद्यात ते गौण वनोपज. वनस्पतिशास्त्राला विचारलं तर गवत! एका बांबूला तीन पट्ट्या. एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला, तेव्हा कुठे गाठ सुटली. त्यानंतर मेंढ्याने बांबू विकला, चांगला भाव पाहून विकला. म्हणजे किंमत त्यांनी टाकून दिलेली नाही. पण काय विकायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे तिथे भाव ठरवत नाही. ते ग्रामसभेत ठरतं, आणि तेही बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी या रीतीवर आयुष्यभर जोर दिला. बहुमत हीसुद्धा एक मोजणीच आहे, त्यात हरलेल्या हातांची शिल्लक कुठे लिहिली जात नाही. सर्वसहमतीत एकाची अडचण राहिली तर सभा पुन्हा बसते. वेळ फार जातो. ज्यांना घाई आहे त्यांना हे दिरंगाईचं वाटतं, आणि कधीकधी ती दिरंगाई असतेही. गावातल्या दबावाखाली बाया बोलत नाहीत आणि त्यालाच सहमती म्हटलं जातं, हेही अनेक गावांत होतं. आम्ही रीतीचं कौतुक करतो आहोत, प्रत्येक ग्रामसभेचं नाही.

ओडिशातल्या नियमगिरीचा दाखला मोठा आहे. बॉक्साइटच्या खाणीचा प्रश्न होता आणि डोंगर डोंगरिया कोंध लोकांचा देव. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2013 मध्ये त्या श्रद्धेची किंमत काढायला समिती नेमली नाही. ग्रामसभांना विचारा, म्हणाले. बारा ग्रामसभा बसल्या आणि बाराही नाही म्हणाल्या. ज्या न्यायालयाने 2008 मध्ये जंगलाचे दर ठरवले, त्याच न्यायालयाने पाच वर्षांनी मान्य केलं की एक प्रश्न असा आहे जो दराच्या आधी येतो.

आणि आता डेपोत हात जोडणाऱ्यांना विचारायचं राहिलं होतं, ते. एटापल्ली तालुक्यात सुरजागडचा डोंगर आहे. वरच्या दगडात लोखंड आहे, आणि आसपासच्या माडिया गावांचं तिथे ठाकूरदेवाचं ठाणं आहे. जानेवारीत यात्रा भरते. आज तिथे खाण चालू आहे. तिने रोजगार दिला आहे, गडचिरोलीच्या पोरांना नोकरी मिळाली तर त्यावर नाक मुरडणारे आम्ही कोण? पण ज्या लोकांनी बल्लारपुरात सागाच्या लठ्ठ्याला फुलं वाहताना घनमीटर विसरले, त्यांच्यातलेच काही सुरजागडचं नाव निघालं की म्हणतात, "दगडच तर आहे, मोबदला दिला म्हणजे झालं." आमचं म्हणणं एवढंच आहे. तुमचा लठ्ठा लाकूडपणाच्या बाहेर जाऊ शकतो, तर त्यांचा दगडही दगडपणाच्या बाहेर जाऊ शकतो. यावरून खाण थांबवाच असं निघत नाही. पण मोबदल्याचा आकडा मोठा केला की आक्षेप मिटला, असंही निघत नाही. तो आक्षेप आकड्याबद्दल नव्हताच.

वेळ होत आली आहे. एक प्रश्न घेतो. हो, बोला. (श्रोत्यांमधून निवृत्त वनाधिकारी: "सर, मी या दरांवर काम केलेलं आहे. दर काढून टाकले तर जंगल पुन्हा फुकट जाईल. तुमचं म्हणणं अमलात आणायचं कसं?")

दर काढू नका. तुम्ही म्हणता ते खरं आहे, दर गेला की जंगल दीड रुपयावर येतं. आमचं म्हणणं क्रमाबद्दल आहे. ऑगस्ट 2009 मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने परिपत्रक काढलं होतं, की जंगलजमीन वळवायच्या प्रस्तावाला ग्रामसभेचं म्हणणं जोडलेलं असलं पाहिजे. म्हणजे 'द्यायचं का' हा प्रश्न 'कितीला' याच्या आधी. 2022 च्या नियमांनी केंद्राच्या मंजुरीआधी ते पाहण्याचं बंधन सैल केलं आणि वनहक्कांची पूर्तता नंतर राज्याने पाहायची असं ठेवलं. तोवर पैसे भरलेले असतात, यंत्रं दारात आलेली असतात. तेव्हा 'का' हा प्रश्न विचारला तर त्याला उत्तर कोण देणार? तुम्ही कामावर असताना फाईल कोणत्या क्रमाने फिरायची ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पहिलं पान कोणतं असावं, एवढंच आम्ही बोलतो आहोत. आणि त्या पानावर गावाने 'हो' लिहिलं तर मग तुमचा दर लावा, चांगला चढा लावा. फक्त त्या रकमेला भरपाई म्हणू नका. दुसरा शब्द गावालाच विचारा.